चारशे ग्रॅमचा ससा

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण घडलं आहे. फोन केला नाही, कारण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मोठ्याने पुन्हा म्हणून दाखवतेस, ते तुझ्या अख्ख्या इमारतीला कळतं. विषय खासगी आहे. माझा नाही, एका मित्राचा.

या मित्राकडे एक ससा आहे. त्याला दहा दिवसांपासून भयंकर खाज सुटली आहे. मानेवर आणि खांद्यांवर खपल्या धरल्या आहेत, तिथले केस गेले आहेत. मागच्या पायांनी इतकं खाजवतो की रक्त काढतो. एका खपलीखाली पू झाला असावा असं मला, म्हणजे मित्राला, वाटतं. कानांच्या कडा लाल. खातोपितो बरा. वजन चारशे दहा ग्रॅम. शेपटीला मात्र टोकापर्यंत काहीही झालेलं नाही.

तू अडतीस वर्षं जनावरांची डॉक्टरकी केलीस. यावर स्वस्त, खात्रीचं आणि बोभाटा न होणारं औषध कळवावं. मित्राला घाई आहे.

तुझा,
भाऊ


९ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

चारशे दहा ग्रॅमचा ससा, आणि त्याला टोकापर्यंत शेपूट! अरे, अडतीस वर्षं गाईम्हशींमध्ये गेली म्हणून मला ससा आणि उंदीर यांतला फरक कळू नये? आणि मित्राचा म्हणे. तुला मित्र कधी झाला? निवृत्तीच्या समारंभाला तुझ्या खात्यातले लोक आले ते चहासाठी आले होते, हे तूच मला सांगितलंस.

तुला खोटं बोलता येत नाही. सहावीत गणिताचे मार्क लपवलेस तेव्हाही पेपर उशीखाली ठेवलास आणि त्याच उशीवर मला झोपायला सांगितलंस.

मी तुला सशाचं औषध सांगितलं असतं आणि ते जनावर मेलं असतं, तर? औषध वजनावर असतं आणि जातीवरही असतं. तेव्हा मुकाट्याने खरं काय ते लिही. उंदीर कुणाचा, तुझ्या घरात कसा आला, आणि तू त्याला अजून मारला कसा नाहीस? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी दे. मला झोप लागेनाशी झालीये.

तुझी,
ताई


१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

उंदीर आहे. एक नाही, दोन आहेत. दोन्ही ठमीचे आहेत.

ती पुलाच्या मोजणीच्या कामावर डोंगरात गेली आहे, जूनपर्यंत. छावणीत फोन लागत नाही, टपाल पंधरा दिवसांनी जातं. जानेवारीत एका सकाळी दारात उभी राहिली. आठ वर्षांनी. हातात पिंजरा. आत ये म्हटलं तर म्हणाली, गाडी थांबली आहे. "कुणी ठेवून घेत नाही, बाबा. तुम्ही ठेवाल का?" एवढंच बोलली. मी हो म्हणालो. का म्हणालो ते मला विचारू नकोस.

मोठ्याचं नाव साहेब, तो करडा, पोट पांढरं. धाकट्याचं शिपाई. ही नावं तिनेच ठेवली आहेत. आले तेव्हा दोघं स्वच्छ होते. आता खाज साहेबाला आहे.

आता माझी अडचण तुझ्या लक्षात यावी. मी मूषक निर्मूलन विभागात एकतीस वर्षं काढली, शेवटची बारा निरीक्षक म्हणून. रोज संध्याकाळी शेपट्या मोजून सही करायचो. ठमी नऊ वर्षांची असताना तिने उंदराचं एक पिल्लू बुटाच्या खोक्यात पाळलं होतं, शाईच्या ड्रॉपरने दूध पाजायची. ते मी मारलं. नियम होता, रोगाचा धोका होता, मी माझं कर्तव्य केलं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते आणि तिची आई गेल्यावर काम फारसं उरलं नाही.

तर हा साहेब माझ्या घरात मेला, तर तो मीच मारला असं ती म्हणणार. मी शपथ घेतली तरी म्हणणार. तिच्या जागी मी असतो तरी तेच म्हणालो असतो. मग ती दारातही उभी राहायची नाही. तेव्हा हा उंदीर जगलाच पाहिजे.

तू म्हणशील डॉक्टरकडे ने. प्राण्यांचा दवाखाना आमच्या जुन्या कचेरीला चिकटून आहे. पिंजरा घेऊन तिथे गेलो तर दुपारपर्यंत गावभर होईल. सबब टपालाने उपचार व्हावा.

तुझा,
भाऊ


१८ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

मी पत्र वाचून आधी हसले, मग थोडी रडले, मग पुन्हा हसले. उंदराला पकडायला सगळं गाव तुझ्याकडे यायचं आणि तू उंदराला घेऊन दवाखान्यात जायला लाजतोस! देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात, ते हेच.

पण पोर तुझ्या दारात आली, बाबा. जगात कुणीही सापडलं असतं, ती तुझ्याकडे आली. तिला समेट करायचा आहे. हे मला इथे बसून दिसतं, तुला तिथे उभं राहून दिसलं नाही.

आता नीट वाच. ही खरूज आहे, माइट नावाच्या बारीक किड्यांची. डोळ्याला दिसतीलच असं नाही. खाजवून जखमा झाल्या आणि त्यात पू झाला, हे वेगळं दुखणं. दोन्ही बरी करावी लागतील.

माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आता लहान प्राण्यांची डॉक्टर आहे. तिच्याकडून वजनाप्रमाणे मापलेलं औषध दोन बाटल्यांत पाठवते आहे. गाईगुरांचं औषध तुझ्या जुन्या कपाटात असलं तर त्याला हात लावू नकोस. गाईचा एक थेंब म्हणजे उंदराची तिरडी. आणि खात्याची पावडर, फिनेल, रॉकेल, काही म्हणजे काही नाही!

मानेच्या मागे, जिथे त्याची जीभ पोचत नाही तिथे, केस बाजूला करून थेंब टाकायचा. दोन आठवड्यांनी पुन्हा. पिंजऱ्यातलं सगळं अंथरूण फेकून द्यायचं, पिंजरा उकळत्या पाण्याने धुवायचा, आत कागदाचे कपटे घालायचे, म्हणजे किडे लपणार नाहीत. मागच्या पायांची नखं अगदी टोकाला कापायची. जखम मिठाच्या कोमट पाण्याने पुसायची, सोबतचं मलम बोटावर घेऊन पातळ लावायचं आणि दहा मिनिटं त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरायचं. नाहीतर तो सगळं मलम चाटून घेईल. पुवासाठी पातळ औषध आहे, ते तोंडाने द्यायचं, सकाळ-संध्याकाळ.

शेपटीने उचलायचं नाही. हे तुला मुद्दाम सांगते.

तुझी,
ताई


३ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

औषधं मिळाली. अंमलबजावणीचा अहवाल देतो.

वजनासाठी आमिषाचं धान्य मोजायचा तराजू पहिल्या दिवशीच माळ्यावरून काढला होता. ज्या पारड्यात विषारी दाणे तोलायचो त्यात आता साहेब बसतो. आधी पारडं तीनदा धुतलं. नखं कापताना तो चावला नाही. मीच दोनदा ओरडलो.

दहा मिनिटं मांडीवर धरण्याचा प्रकार मला आधी वेळ घालवणं वाटला. आता त्यात रेडिओवरच्या बातम्या ऐकून होतात. परवा पंचवीस मिनिटं झाली ती बातम्या लांबल्या म्हणून.

पू गेला. खपल्या गळल्या. पण आठवड्यानंतर खाज पुन्हा सुरू झाली आणि आता शिपाईही खाजवतो आहे. तुझं औषध कमी पडलं असं नम्रपणे नमूद करतो. दुसरी बाटली तशीच सीलबंद आहे. निरोगी जनावराला औषध देणं म्हणजे माल वाया, असं आमच्या खात्याचं धोरण होतं.

जाता जाता एक. उन्हाळा लवकर आला आहे. माझ्या मनगटांवर आणि कमरेला पट्ट्याच्या जागी लाल पुरळ उठलं आहे. घामोळं असावं. त्यावर काही चालत असेल तर कळव.

तुझा,
भाऊ


८ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

दोन बाटल्या पाठवल्या त्या काय शोभेला? एकाच पिंजऱ्यात दोघं, एकाला खरूज, म्हणजे दोघांना खरूज. एकाला औषध द्यायचं आणि दुसऱ्याकडे किड्यांची सोय ठेवायची, ही युक्ती खात्यालाच सुचावी. दोघांना एकाच दिवशी दे. नवीन बाटल्या पाठवते.

आणि ते घामोळं नाही. पट्ट्याच्या जागी, मनगटावर, लाल, ओळीने उठलेलं, आणि सकाळी जास्त. बरोबर? डॉक्टरपोरीला विचारलं. ती म्हणाली, आत्तापर्यंत आपण समजत होतो ते हे किडे नव्हेत. ते जनावराच्या अंगावरच राहतात, माणसाच्या नादी लागत नाहीत. हे वेगळे. हे अंगावर राहत नाहीत. चावतात, रक्त पितात आणि फटीत जाऊन बसतात, लाकडात, भिंतीत, माळ्यावर. म्हणून पिंजरा कितीही धुतलास तरी परत येतात.

आता शांत हो आणि बसून वाच. हे किडे पिंजऱ्यातल्या उंदरांवर आपोआप होत नाहीत. ते बाहेरच्या उंदरांकडून येतात, रानटी, घरात घुसलेल्या. ठमीने पिंजरा आणला तेव्हा दोघं स्वच्छ होते असं तूच लिहिलंस.

भाऊ, तुझ्या घरात उंदीर आहेत.

तुझी,
ताई


११ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

तुझं दिनांक आठचं पत्र मिळालं. ते अपमानास्पद आहे. माझ्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर विभागाचं मानपत्र आहे, "उंदरांना थारा न देणारा अधिकारी". तुझी डॉक्टरपोर त्या वेळी शाळेतही जात नसेल.

माझ्या घरात उंदीर नाहीत. असूच शकत नाहीत.

औषध दोघांना दिलं आहे.

भाऊ


१ एप्रिल

चि. भाऊस,
आशीर्वाद.

वीस दिवस झाले. रागाने का होईना, लिही. मी गाईला गाभण म्हटलं की ती गाभण असायची. मालकाला पटो न पटो.

जमिनीवर पीठ भुरभुरून ठेव आणि सकाळी बघ. हे मी तुला शिकवायचं?

तुझी,
ताई


९ एप्रिल

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

पीठ मी अकरा मार्चलाच भुरभुरलं होतं. तुला पत्र टाकून आल्याआल्या.

सकाळी पावलं दिसली. स्वयंपाकघरातून बैठकीच्या खोलीत, बैठकीच्या खोलीतून भिंतीला लागून सरळ वर. मानपत्राच्या मागे. चौकट उतरवली तर मागे मुठीएवढं भोक, आणि त्यातून माळ्यावर वाट. मानपत्राचा मागचा पुठ्ठा कुरतडून त्यांनी घरट्याला वापरला आहे. ताई, मी खाली जमिनीवर बसून राहिलो.

वरच्या मजल्यावर एक शिंपीणबाई राहतात. त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "साहेब, मी दोन वर्षं सांगतेय, भिंतीत खडबड होते म्हणून. तुम्ही म्हणालात पाइप आहे." म्हणालो होतो खरं.

हे तुला कळवायला महिना लागला, कारण मधल्या काळात मी ते गुपचूप मिटवायचा प्रयत्न केला. विष टाकू शकत नव्हतो. विष घरात आहे हे ठमीला कळलं तर मग बोलायलाच नको, आणि एखादा दाणा पिंजऱ्यापर्यंत गेला तर? सापळे लावले. माझेच सापळे, माझ्याच हाताने. एक उंदीर सापडला नाही. भोक बुजवलं तर शेजारी दुसरं. इकडे साहेबाने मानेवरची नवी कातडी पुन्हा ओरबाडली. वजन तीनशे साठवर आलं. मांडीवर घेतला की हालचाल करत नाही, नुसता बसून राहतो. तेव्हा ठरवलं.

खात्यात गेलो. माझ्या हाताखाली टोपी नावाचा एक कामचुकार होता, डोक्यावरची टोपी कधी काढायचा नाही म्हणून ते नाव. तो आता निरीक्षक आहे. मी म्हणालो, माझ्या घरात उंदीर आहेत. त्याने मला ते पुन्हा म्हणायला लावलं. नोंदवहीसाठी, म्हणाला.

आता नियम ऐक. उंदीर सापडलेल्या घराच्या दारावर पंधरा दिवस लाल पत्रक लावायचं: "या घरात उंदीर आढळले आहेत." लोकांना लाज वाटावी म्हणून. हा नियम माझा आहे. अक्षरं रस्त्याच्या पलीकडून वाचता आली पाहिजेत ही सूचनाही माझीच, फाइलवर सही आहे. टोपीने पत्रक स्वतः चिकटवलं, जरा तिरकं झालं म्हणून काढून पुन्हा चिकटवलं. गल्लीतली झाडून सगळी माणसं त्या दिवशी या ना त्या कारणाने माझ्या दारावरून गेली. शाळेतून येणारी पोरं ते मोठ्याने वाचतात, आणि दर वेळी "आढळले"पाशी अडतात.

दुसरा नियम: घरात आढळलेला प्रत्येक उंदीर नष्ट करणे. पाळीव उंदीर हा शब्दच आमच्या नियमांत नाही. म्हणून पिंजरा आधीच शिंपीणबाईंकडे नेऊन ठेवला. पण टोपी वरचा मजलाही तपासायला गेला. अर्धवट शिवलेल्या कोटाखाली पिंजरा दिसला. "हे काय?" बाई मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या, "ससे." टोपीने पिंजऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि वहीत लिहिलं, ससे, दोन. त्या माणसाला मी बारा वर्षांत एक चांगला शेरा दिला नव्हता.

माळ्यावर चौदा निघाले. सगळ्या फटी सिमेंटने बुजवल्या. पाळीव दोघांना औषध आणि नवा पिंजरा, तुझ्या सूचनेबरहुकूम. माझं पुरळ ओसरतं आहे.

तुझा,
भाऊ


१४ एप्रिल

चि. भाऊस,
अनेक अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. तू लहानपणापासून नाक वर करून चालणारा. पायरी दिसायची नाही म्हणून दोनदा दात पाडून घेतलेस. तू त्या टोपीसमोर उभा राहून ते वाक्य दोनदा म्हणालास? उंदरासाठी?

उंदरासाठी नाही, मला माहीत आहे. पण ठमीला हे कळव. आत्ता कळव, सगळं बरं चाललेलं असताना. नंतर सांगण्यासारखं काही घडलं, तर त्या वेळी कुणाला ऐकू येत नाही.

तुझी,
ताई


६ मे

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

ठमीला मी लिहिलं नाही. बरा झाला की लिहीन, असं म्हणत होतो.

साहेब बरा झाला. एप्रिलअखेरीस मानेवर केस आले, आधीपेक्षा जरा काळपट. कान स्वच्छ. वजन चारशे पाच. खाज शून्य. शिंपीणबाई बघून गेल्या आणि म्हणाल्या, लग्नाला उभा करण्यासारखा दिसतो.

आणि काल सकाळी मेला.

मी चहा ठेवायला उठलो तेव्हा तो कागदाच्या कपट्यांत कुशीवर पडलेला होता आणि शिपाई त्याला चिकटून बसला होता, त्याचे कान साफ करत होता. अंगावर एक ओरखडा नाही. मी एवढे मेलेले उंदीर पाहिले आहेत की पाहिल्याबरोबर कशाने मेला ते सांगतो. हा नुसता म्हातारा झाला होता.

मी रडलो, ताई. तुला सांगतो, बाकी कुणाला सांगू नकोस.

आता ती येईल. केस आलेले, कातडी सुरेख, आणि उंदीर मेलेला. ती काय म्हणेल ते मला तोंडपाठ आहे. काय करू ते ताबडतोब कळव.

तुझा,
भाऊ


१० मे

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

मी म्हातारी बाई आहे, मला पापपुण्य सांगू नकोस. बाजारात जा आणि तसाच दुसरा उंदीर आण. करडा, पोट पांढरं. पाच महिन्यांनी ती त्याला बघणार, त्यात खरजेने केस जाऊन नवे आलेले, रंग बदलला असं तूच लिहिलंस. कुणाला ओळखू येतंय? आम्ही अख्ख्या म्हशी बदललेल्या पाहिल्या आहेत, मालकाला पत्ता लागला नाही.

पोर कुठे परत यायला लागली आहे. तिला सत्य देऊन पुन्हा घालवू नकोस.

तुझी,
ताई


१५ मे

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. आधीची तीन लांबली.

साहेब पाच मे रोजी सकाळी गेला. झोपेत. त्याला जानेवारीअखेरीपासून खरूज होती, जखमांत पू झाला होता, ती पूर्ण बरी झाली होती. आत्याने टपालाने उपचार केले. खरूज माझ्याच घरातून लागली. माझ्या घराच्या भिंतीत उंदीर होते आणि मला ते माहीत नव्हतं. खात्याला बोलावलं, दारावर लाल पत्रक लागलं, पंधरा दिवस होतं. आता घर स्वच्छ आहे. शिपाई ठीक आहे, पण जेवण कमी झालं आहे. सोबत रोजची नोंद जोडली आहे: वजन, खपल्या, औषध, किती वेळ मांडीवर. अकरा पानं आहेत. त्यात कुठे खाडाखोड असेल तर ती माझीच.

आत्या म्हणाली, दुसरा आण. मी दुकानात गेलो होतो. तसाच होता, पोटही पांढरं. दुकानदार त्याला शेपटीने उचलायला लागला तेव्हा मी त्याच्यावर ओरडलो आणि तसाच परत आलो. तू ओळखलं असतंस की नाही ते मला माहीत नाही. मला रोज ओळखू आलं असतं.

साहेब मी मारला नाही. हे तुला खरं वाटण्याचं काही कारण मी तुला दिलेलं नाही.

म्हणून दुसरंही सांगतो. खोक्यातलं पिल्लू मी मारलं तेव्हा तुला नियम सांगितला. नियम होता. पण मैदानापलीकडे सोडून आलो असतो तर मला कुणी विचारलं नसतं. त्या दिवशी खात्याची गाडी दारात उभी होती, मला न्यायला. गाडीवरचे दोघं हसत होते, साहेबांच्या घरातच उंदीर म्हणून. मला ते हसणं सोसलं नाही. तुझ्यासमोर मारलं, कारण मला त्यांच्यासमोर मारायचं होतं. रोगाबिगाचा विचार माझ्या मनात नंतर आला, तुला सांगताना.

पंचवीस वर्षं मी तुला ते कर्तव्य म्हणून सांगत आलो. कर्तव्य नव्हतं. लाज होती.

साहेबाला खिडकीखाली पुरलं आहे. शिपायाचं काय करायचं ते कळव. तू सांगशील तिथे नेऊन देईन, तुला घरी यायची गरज पडणार नाही.

तुझा,
बाबा


२ जून

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

टपाल परवा आलं. अकरा पानं वाचली. सतरा मार्चच्या रकान्यात तुम्ही "मांडीवर: दीड तास" लिहिलं आहे आणि कारणाच्या जागी "बातम्या". दीड तास बातम्या कुठल्या रेडिओवर लागतात?

साहेब गेल्याचं खूप वाईट वाटलं. धक्का मात्र बसला नाही. का बसला नाही, ते मला तुम्हाला सांगायलाच हवं, आणि ते वाचून तुम्ही माझ्यावर चिडलात तर ते बरोबरच होईल.

तुमच्याकडे आणायच्या आदल्या आठवड्यात मी त्याला डॉक्टरकडे नेलं होतं. त्याची मूत्रपिंडं गेली होती. फार तर दोन महिने, म्हणाले. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. कुणी ठेवून घेत नाही असं मी म्हणाले, तेही खोटं. माझी एक मैत्रीण दोघांनाही हौसेने सांभाळणार होती, तिने जागाही करून ठेवली होती.

पण तो कुणाच्या तरी हातात मरणार होता. तिच्या हातात मेला असता तर मला नुसतं रडावं लागलं असतं. तुमच्या हातात मेला असता तर मला रागावता आलं असतं. त्याची मला सवय आहे. म्हणून सहा तास गाडी करून मी त्याला तुमच्या दारात आणून ठेवलं.

मार्चपासून मी तुमच्या पत्राची वाट बघत होते. काय उत्तर लिहायचं तेही ठरलेलं होतं. तीन ओळी होत्या, त्यानंतर पुन्हा कधी लिहायचं नव्हतं. मार्च गेला, एप्रिल गेला, तुमचं पत्र येईना. मला वाटलं, मेला आणि लपवताय. आणि तुम्ही तिकडे त्याच्या खपल्या मोजत होतात. डॉक्टरने दिले त्यापेक्षा दोन महिने जास्त जगला तो.

आत्याला वाटत असेल मी समेट करायला आले होते. तिला हे पत्र दाखवू नका. किंवा दाखवा, तुम्ही ठरवा.

पिल्लाचं लिहिलंत ते दोनदा वाचलं. ते सोडून दिलं असं मला अजून म्हणता येत नाही. पण गाडीवरचे दोघं हसत होते हे मला आठवतं. इतकी वर्षं मला वाटायचं, ते मला हसत होते.

शिपायाला एकटं ठेवू नका, त्यांना सोबत लागते. मी येईपर्यंत तो पिंजरा तुमच्या खाटेजवळ राहू द्या आणि त्याच्याशी बोलत जा, काहीही बोला. मी बारा तारखेला येते. दारातूनच पिंजरा उचलून परत फिरायचं, गाडी थांबवून ठेवायची, असं जानेवारीतच ठरवलं होतं. गाडी सोडून देईन. दोन दिवस राहीन म्हणते. माझ्यावर रागवायचं असेल तर तेव्हा समोर बसून रागवा, मीही तसंच करेन.

तुमची,
ठमी